ॲनिमेटेड सुपरहिरोपट थिएटरात चालतील का, की ते घरच्या पडद्यापुरतेच राहणार?

म्हादई (डिचोली)

धागा काढण्याचे निमित्त घरातलेच आहे. माझ्या भाच्याने एका ॲनिमेटेड सुपरहिरोपटाची चार तिकिटे काढण्याचा आग्रह धरला, तेव्हा माझ्या भावाने एका वाक्यात विषय मिटवला. "कार्टूनसाठी पणजीपर्यंत कशाला जायचे, दोन महिन्यांत ते मोबाइलवर येईल." हे वाक्य मी गेली वीस वर्षे निरनिराळ्या तोंडांतून ऐकत आले आहे. त्यात तथ्य किती आणि सवय किती, हे एकदा नीट तपासावे असे वाटले.

माझे मत आधीच सांगून टाकते. असे चित्रपट थिएटरात चालू शकतात, चाललेही आहेत. जे पडले त्यांतले बरेचसे मुळात थिएटरसाठी केलेलेच नव्हते. दूरचित्रवाणीच्या मापाने शिवलेला अंगरखा त्यांना मोठ्या पडद्यावर घालून पाठवण्यात आले होते.

आपण विसरतो ती गोष्ट अशी की ॲनिमेटेड सुपरहिरो जन्मला तोच थिएटरात. फ्लायशर स्टुडिओने १९४१ मध्ये सुपरमॅनचे लघुपट सुरू केले आणि १९४३ पर्यंत एकूण १७ लघुपट आले. ते सगळे मुख्य चित्रपटाआधी मोठ्या पडद्यावर दाखवले जात. असे सांगतात की तोवर कॉमिकमधला सुपरमॅन लांब उड्या मारत असे; चलच्चित्रात त्या उड्या बेडकासारख्या दिसू लागल्या, म्हणून चित्रकारांनी त्याला उडू देण्याची परवानगी मागितली. म्हणजे सुपरमॅन उडतो, याचे थोडेफार श्रेय मोठ्या पडद्याच्या गरजेला जाते. पुढे दूरचित्रवाणीने हे पात्र शनिवार सकाळच्या मुलांच्या कार्यक्रमांत नेऊन बसवले आणि तिथून 'कार्टून म्हणजे लहान मुलांचे' हे समीकरण पक्के झाले.

या समीकरणाचा बळी म्हणून मला १९९३ चा 'बॅटमॅन: मास्क ऑफ द फँटॅझम' आठवतो. तो आधी थेट व्हिडिओसाठी योजलेला होता. काम सुरू असताना स्टुडिओने तो थिएटरात आणायचे ठरवले, नाताळात जेमतेम जाहिरात करून प्रदर्शित केला आणि अमेरिकेत त्याचा गल्ला साठ लाख डॉलरच्या आतच राहिला. आज बॅटमॅनच्या उत्तम चित्रपटांची यादी निघाली की जाणकार त्याचे नाव घेतात, पण ती कीर्ती त्याला व्हिडिओ कॅसेटने मिळवून दिली.

याच्या उलट बाजूला 'द इन्क्रेडिबल्स' आहे. २००४ च्या पहिल्या भागाने जगभरात सुमारे ६३ कोटी डॉलर मिळवले, आणि चौदा वर्षांनी, २०१८ मध्ये, आलेल्या दुसऱ्या भागाने १२४ कोटी. त्याच वर्षाच्या शेवटी 'स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स' आला आणि ॲनिमेशनचे ऑस्कर घेऊन गेला.

तर प्रश्न असा की आपल्याकडे, म्हणजे मराठी-कोंकणी बोलणाऱ्या, जत्रेतले नाटक रात्रभर जागून पाहणाऱ्या गोव्यात, अशा चित्रपटाला थिएटर भरेल का?

खाजन

धाग्याचा विषय चांगला आहे, पण मांडणी मला एकांगी वाटते. मी काही वर्षे म्हापशातल्या एका एकपडदा चित्रपटगृहाचे हिशेब लिहीत असे, त्यामुळे मला या प्रश्नाकडे तिकीटखिडकीच्या आतून पाहायची सवय आहे.

तुम्ही दिलेले आकडे अमेरिकेचे आणि जगाचे आहेत. त्यांत भारताचा वाटा किरकोळ. शिवाय हे चित्रपट रेखाटलेले होते म्हणून चालले असे त्या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. 'इन्क्रेडिबल्स'मागे पिक्सार या बड्या ॲनिमेशन स्टुडिओचे नाव होते. स्पायडर-मॅनला तर जगात ओळख करून द्यावी लागत नाही. आणि तरीही 'इन्टू द स्पायडर-व्हर्स'चा जागतिक गल्ला सुमारे ३८ कोटी डॉलरवर थांबला, जेव्हा त्याच पात्राचे माणसे घेऊन केलेले चित्रपट त्याच्या दुपटी-तिपटीने कमावत होते. हा फरक 'सवय' म्हणून झटकता येणार नाही.

थिएटरच्या मालकाला चित्र हाताने काढले आहे की कॅमेऱ्याने टिपले आहे, याचे सोयरसुतक नसते. तो दोन गोष्टी पाहतो. रात्रीचा खेळ भरतो का, आणि चित्रपट दुसऱ्या आठवड्यात टिकतो का. पहिल्या आठवड्यात वितरक मोठा वाटा घेऊन जातो आणि पुढच्या आठवड्यांत त्याचा वाटा उतरत जातो; थिएटरला खरे पैसे दिसतात ते चित्रपट जुना होऊ लागल्यावर. ॲनिमेशनपटाची गोची इथेच होते. तो मुलांचा समजला जातो, म्हणून त्याला सकाळचा आणि फार तर दुपारचा खेळ मिळतो. मुले शनिवार-रविवार सोडून येत नाहीत. सोमवारी सकाळी दहाच्या खेळाला अकरा माणसे बसलेली मी स्वतः मोजली आहेत, आणि त्यांतली दोन आमच्याच कँटीनमधली होती. अशा चित्रपटाला दुसरा शुक्रवार कोण देणार?

भारतीय प्रयत्नांचे काय झाले, तेही आठवावे. २००५ चा 'हनुमान' चालला, हे मान्य. त्यानंतर २०१२ मध्ये 'अर्जुन: द वॉरियर प्रिन्स' आला, दिसायला देखणा होता, आणि कधी गेला ते कळलेही नाही. २०१४ चा 'कोचडयान' तर साक्षात रजनीकांतच्या नावावर उभा होता आणि तरीही त्याने ॲनिमेशनची वाट मोकळी केली असे कोणी म्हणणार नाही.

आबोली (म्हार्दोळ)

खाजन यांचा हिशेब मला पटला असता, जर मी २०२५ चा श्रावण पाहिला नसता.

'महावतार नरसिंह' २५ जुलैला प्रदर्शित झाला, तो शुक्रवार होता आणि श्रावणाचा पहिला दिवस. आम्ही वेलिंगच्या लक्ष्मी-नृसिंहाचे कुळावी, म्हणजे ते आमचे कुलदैवत, त्यामुळे सासूबाईंच्या कानावर चित्रपटाचे नाव पडताच त्यांनी जायचे ठरवले. त्या त्याआधी थिएटरात केव्हा गेल्या होत्या हे त्यांनाही आठवत नव्हते. आम्ही सहाजण गेलो. माझ्या धाकट्याला त्रिमितीचा चष्मा एवढा मोठा होत होता की त्याने तो संपूर्ण चित्रपटभर दोन्ही हातांनी डोळ्यांवर धरून ठेवला. मध्यंतरात पॉपकॉर्न समोर आले तेव्हाही त्याने आधी चष्मा काढून आजीच्या पदरात ठेवला. खांब फुटला त्या क्षणी सभागृहात जो आवाज झाला, तो मी फक्त शिगम्याच्या ढोलांत ऐकला आहे. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी चपला काढून ठेवल्या होत्या.

आता आकडा. या चित्रपटाचे पहिल्या दिवसाचे उत्पन्न दोन कोटी रुपयांच्या आतले होते. त्यात कोणी तारा नाही, अश्विन कुमार हे दिग्दर्शकाचे नाव आमच्यापैकी कोणीही ऐकलेले नव्हते. तोंडी प्रसिद्धीवर तो वाढत गेला, आठवड्यामागून आठवडे राहिला, आणि शेवटी ३०० कोटींच्या पलीकडे गेला. खाजन, तुमचा दुसरा शुक्रवार त्याला मिळाला, तिसराही मिळाला. आम्ही पाहिला तो रात्रीचा खेळ होता आणि त्यात मुलांपेक्षा मोठी माणसे जास्त होती.

माझ्या मते मुलांचा चित्रपट असणे हे दुबळेपण नाहीच. मूल एकटे येत नाही. ते आई, बाप आणि आजी घेऊन येते. तरुणांचा चित्रपट एका घरातून एक तिकीट विकतो, हा चित्रपट आमच्या एका घरातून सहा विकून गेला.

खाजन

आबोली, उदाहरण जबरदस्त आहे आणि त्यापुढे माझे अकरा प्रेक्षक लटके पडतात, हे मोकळेपणाने मान्य करतो. मात्र तो सुपरहिरोपट नव्हे. नृसिंह हा देव आहे. ज्या गृहस्थांनी चपला काढल्या, ते स्पायडर-मॅनसाठी काढणार नाहीत. २००५ चा 'हनुमान' जसा श्रद्धेवर चालला, तसाच हाही चालला. यावरून भक्तीला प्रेक्षक आहे एवढेच ठरते. ॲनिमेटेड महानायकाला आहे, हे ठरत नाही.

चिरेखण

मी बारा वर्षे मुंबईत आणि पुण्यात ॲनिमेशनचे काम केले, आता साखळीला घरी असतो. देव की सुपरहिरो या वादात मी शिरत नाही, कारण श्रद्धेचे कारण पुरेसे असते तर देवांवरचे सगळेच ॲनिमेशनपट चालले असते. गेल्या वीस वर्षांत असे किती आले आणि कुठे गेले, हे त्या धंद्यात असलेल्यांना विचारा. भक्ती प्रेक्षकाला दारापर्यंत आणते. आत बसवून ठेवायला चित्र लागते.

थिएटरचा पडदा चित्रातली लबाडी लपवू देत नाही. घरच्या पडद्यावर एखाद्या पात्राचे पाय जमिनीवर नीट टेकत नसतील, तर ते कोणाच्या लक्षात येत नाही. चाळीस फूट रुंद पडद्यावर तो बर्फावरून घसरल्यासारखा दिसतो, आणि प्रेक्षकाला नेमके काय चुकले ते सांगता आले नाही तरी हे 'स्वस्त' आहे एवढे त्याला कळते. 'कोचडयान'मध्ये मला हेच जाणवले. माणसांच्या हालचाली यंत्राने टिपून घेतल्या होत्या, पण चेहरे मेणाचे वाटत होते. जे ॲनिमेशन खऱ्या माणसासारखे दिसायला जाते, त्याची तुलना खऱ्या माणसाशी होते आणि ते हरते.

'इन्टू द स्पायडर-व्हर्स'वाल्यांनी नेमके उलटे केले. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात. प्रत्येक चौकटीला नवे चित्र दिले तर हालचाल लोण्यासारखी होते. एकच चित्र दोन चौकटी धरून ठेवले, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे, तर ती किंचित तुटक होते. त्यांनी जंगलातल्या प्रसंगात पीटर या अनुभवी स्पायडर-मॅनला दर चौकटीला नवे चित्र दिले आणि माइल्स या नवशिक्या स्पायडर-मॅनला दोन चौकटींना एक. दोघे एकाच झाडावरून झेप घेतात, पण पोरगा अडखळतो आहे हे संवादाविना समजते. माणसे घेऊन केलेल्या चित्रपटात हे जमत नाही. तिथे सगळे नट एकाच वेगाच्या कॅमेऱ्यासमोर उभे असतात.

दुसरी गोष्ट रंगांची. तुमच्यापैकी ज्यांनी इंद्रजाल कॉमिक्स वाचली आहेत त्यांना आठवेल की कधीकधी वेताळाच्या, म्हणजे फँटमच्या, जांभळ्या पोशाखाचा रंग रेघेच्या बाहेर गेलेला असे. छापखान्यात त्याला 'रजिस्ट्रेशन हलले' म्हणतात. चार रंगांचे चार ठसे एकमेकांवर नेमके बसले नाहीत की असे होते. या चित्रपटात ती चूक मुद्दाम केलेली आहे. दूरच्या वस्तू धूसर करण्याऐवजी त्यांचे रंग एकमेकांपासून सरकवलेले आहेत, सावलीत छपाईचे ठिपके आहेत. मोठ्या पडद्यावर पाहताना आपण एखाद्या कॉमिकच्या पानावर उभे आहोत असे वाटते. माझ्या जुन्या सहकाऱ्यांपैकी कित्येकांनी तो दोन-तीनदा थिएटरात पाहिला, कारण घरच्या पडद्यावर ते ठिपके दिसतच नाहीत.

माझ्या दृष्टीने प्रश्नाचे उत्तर या ठिपक्यांत आहे. जो ॲनिमेटेड सुपरहिरोपट मोबाइलवर पाहिल्याने काही गमावत नाही, त्याने थिएटरात येऊच नये.

जाता जाता खाजन यांनी केलेल्या तुलनेबद्दल. ३८ कोटी डॉलर कमी दिसतात, पण तो सुमारे ९ कोटींत झाला होता. माणसांचे सुपरहिरोपट त्याच्या दुपटी-तिपटीने खर्च करतात. आणि त्याचाच पुढचा भाग, २०२३ चा 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स', ६९ कोटींपर्यंत गेला. पहिला भाग घरी पाहिलेले लोक दुसऱ्या भागाला थिएटरात आले, असाच त्याचा अर्थ मी लावतो.

सांतेर (मडगाव)

मी महाविद्यालयात शिकतो आणि या चर्चेत वयाने सर्वांत लहान असेन, म्हणून एक गोष्ट नम्रपणे सांगतो. आपण सगळे अजून 'मुले आणि त्यांचे पालक' या दोनच प्रेक्षकांबद्दल बोलत आहोत. माझ्या वर्गातल्या मुलांना ॲनिमेशन हा मुलांचा प्रकार आहे, हेच मुळी ठाऊक नाही. आम्ही जपानी ॲनिमे पाहत मोठे झालो.

सप्टेंबर २०२५ मध्ये 'डीमन स्लेयर: इन्फिनिटी कॅसल' भारतात आला, तेव्हा काही शहरांत पहाटेचे खेळ लावावे लागले. त्यात रक्तपात आहे, मृत्यू आहे, अडीच तासांची लांबी आहे. आम्ही नऊजण गेलो आणि त्यांतल्या सहाजणांना जपानी आवाज आणि खाली इंग्रजी अक्षरे हीच आवृत्ती हवी होती. आमच्यापैकी एकाचे वडील सोडायला आले होते, त्यांनी फलक पाहून "ह्या कार्टूनाक इतली गर्दी?" असे विचारले आणि उत्तराची वाट न पाहता गाडी वळवली.

तिथला नायकही एका अर्थाने सुपरहिरोच आहे. अंगी असामान्य बळ, त्यामागे घरच्यांच्या मृत्यूचे दुःख, आणि समोर राक्षस. फक्त त्याच्या पाठीवर झगा नाही. चीनमध्ये २०२५ च्या सुरुवातीला आलेल्या 'नेझा २'ने तर दोनशे कोटी डॉलरची मर्यादा ओलांडली आणि जगातला सर्वाधिक कमाई करणारा ॲनिमेशनपट ठरला. त्याचा नायक चिनी पुराणकथेतला एक हट्टी, अवखळ मुलगा आहे. खाजनकाका देव आणि सुपरहिरो यांच्यात जी भिंत घालतात, ती तिथल्या प्रेक्षकाने घातलेली दिसत नाही.

मला धोका दिसतो तो वेगळा. माणसांच्या सुपरहिरोपटांचा आता कंटाळा आला आहे. एक चित्रपट समजण्यासाठी आधीचे दहा पाहावे लागतात. ॲनिमेशननेही तेच सुरू केले तर आम्हीही घरी बसू.

म्हादई (डिचोली)

सांतेर, तुमच्या मित्राच्या वडिलांचे वाक्य वाचून माझा भाऊच आठवला. चिरेखण यांचा प्रतिसाद मी भावाला वाचून दाखवला. त्याने ठिपक्यांपर्यंत ऐकून घेतले, हीच मोठी गोष्ट.

मला भाषेचा मुद्दा पुढे आणायचा आहे. 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' भारतात दहा भाषांत प्रदर्शित झाला आणि त्यांत मराठीही होती. त्यात पवित्र प्रभाकर नावाचा भारतीय स्पायडर-मॅन आहे, मुंबई आणि मॅनहॅटन यांची भेसळ करून उभारलेले 'मुंबॅटन' हे शहर आहे, आणि हिंदी व पंजाबी आवृत्तीत त्याला क्रिकेटपटू शुभमन गिल यांचा आवाज आहे. हे सगळे वाचून मी हौसेने मराठी आवृत्तीचा खेळ शोधत होते. जवळच्या एका चित्रपटगृहात फोन केला, तर पलीकडच्या मुलाने "मराठीत स्पायडर-मॅन? तो कशाला?" असे मलाच विचारले. शेवटी आम्ही हिंदीत पाहिला.

गंमत अशी की मुंबॅटनचा भाग आला तेव्हा माझा भाचा हसत सुटला आणि मी मात्र त्या गर्दीतल्या दुकानांच्या पाट्या वाचण्यात गुंतले. आपले काहीतरी तिथे आहे म्हटल्यावर माणूस पडद्याच्या कानाकोपऱ्यांत डोळे घालतो. पवित्र हे पात्र २००४ च्या कॉमिकमधून आलेले आहे, म्हणजे त्याला मोठा पडदा मिळायला जवळपास दोन दशके लागली. तेवढा वेळ वाट पाहून आपल्याला मिळाली ती काही मिनिटांची भूमिका. अख्खा चित्रपट आपल्या मातीतल्या नायकावर झाला तर तो इथे चालेल का, हा माझा मूळ प्रश्न आता थोडा पुढे सरकवते. आणि असा नायक कोण?

शामेळ (पेडणे)

उशिरा येतो आहे, क्षमस्व. म्हादई यांनी विचारलेला नायक आपल्या गावागावांत आधीच उभा आहे, आणि चिरेखण यांनी त्याचे नाव नकळत घेऊनही टाकले आहे.

इंद्रजाल कॉमिक्सने १९६४ पासून फँटमला आणले आणि मराठीत त्याचे नाव 'वेताळ' ठेवले. महाराष्ट्रातल्या वाचकाला वेताळ म्हणजे विक्रमाच्या पाठीवरचे भूत. आम्हा गोवेकरांना मात्र वेताळ म्हणजे ग्रामदैवत. आमोण्याला, प्रियोळला, लोलयेला जाऊन पाहा. माझ्या लहानपणी मला खरोखर वाटत असे की हे जांभळ्या कपड्यांतले साहेब आमच्याच देवाचे कोणीतरी पाहुणे आहेत.

आता त्याची कामगिरी पाहा. रात्री गाव झोपल्यावर तो वेशीवरून फेरी घालतो, गावाची राखण करतो. चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक नवस फेडताना त्याला नव्या वहाणा वाहतात. राखणदाराच्या गोष्टी तर प्रत्येक घरात आहेत: रात्री वाट चुकलेल्याच्या पुढे हातात काठी घेऊन चालणारा, घराच्या उंबऱ्यापर्यंत सोडून नाहीसा होणारा. मुखवटा नाही, पण चेहरा कोणी पाहिलेला नाही. गुप्त ओळख, रात्रीची गस्त, ठरलेली हद्द. सुपरहिरोला आणखी काय लागते?

आणि प्रेक्षक रेखाटलेल्या नायकाला मोठा मानेल का, या शंकेबद्दल. मी दशावतार पाहत वाढलो. काल्याच्या रात्री पेट्रोमॅक्सच्या उजेडात संकासुर येतो, तेव्हा त्याचे काळे कापड आणि लांब लाल जीभ खरी नाही हे चार वर्षांच्या पोरालाही ठाऊक असते, तरी ते आईच्या मांडीत तोंड लपवते. रंगवलेल्याला खरे मानण्याची सवय आपल्याला चित्रपटांच्या आधीपासून आहे. खोटे आपल्याला अडत नाही, खोटे आणि आळशी एकत्र आले की अडते.

आबोली (म्हार्दोळ)

शामेळ, वहाणांची कल्पना वाचून अंगावर काटा आला. फक्त एक विनंती. त्याला पाश्चात्य नायकासारखा घट्ट पोशाख घालू नका, आणि दर दहा मिनिटांनी विनोद करायला लावू नका. सासूबाई चपला काढतील की नाही ते सांगता येत नाही, पण त्या हसणार नाहीत याची खात्री देते.

खाजन

मी माघार घेतलेली नाही, मात्र जागा बदलली आहे. 'प्रेक्षक येणार नाही' हे विधान मी मागे घेतो. आता माझी शंका खर्चाची. गोव्यात मराठी-कोंकणी चित्रपटाला मोजके पडदे मिळतात. असा चित्रपट मुंबई-पुणे-कोल्हापूरपर्यंत गेला तरच त्याचे पैसे निघतील. चिरेखण, तुम्ही त्या धंद्यातले आहात. दीड तासाचा राखणदार करायला किती माणसे आणि किती दिवस लागतील, हे साधा हिशेब मांडून सांगाल का? घरातली मंडळी 'कार्टून' म्हणतात तेव्हा त्यांना हा हिशेब ठाऊक नसतो, आणि खरे सांगायचे तर मलाही नाही.

चिरेखण

मांडतो. दीड तास म्हणजे ५,४०० सेकंद. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर १,२९,६०० चौकटी. सगळीकडे दोन चौकटींना एक चित्र ठेवले तरी ६४,८०० चित्रे. मोठ्या पडद्याच्या दर्जाचे काम करणारा चांगला ॲनिमेटर आठवड्याला साधारण तीन सेकंद देतो. म्हणजे एका माणसाचे १,८०० आठवडे. वीस माणसे बसवली तर ९० आठवडे, आणि यात फक्त हालचाल आली. त्याआधी पटकथा, पात्ररचना, प्रत्येक दृश्याची कच्ची रेखाटने. त्यानंतर पार्श्वभूमी, प्रकाश, रंग, ध्वनी. कोणीही आजारी पडले नाही आणि निर्मात्याने शेवट बदलायला सांगितला नाही, असे धरले तरी तीन वर्षे. निर्माते शेवट बदलायला सांगतातच.

बहुतेक भारतीय प्रयत्न इथेच मोडतात. तीन वर्षांचे काम दीड वर्षात मागितले जाते, आठवड्याच्या तीन सेकंदांचे दहा होतात, आणि पाय बर्फावर घसरू लागतात.

माणसे कमी असताना काम कमी करण्याचा प्रामाणिक मार्ग म्हणजे काय काढायचे नाही, ते आधी ठरवणे. आमच्या वाड्यावरची पोरे दरवर्षी दिवाळीला नरकासुराचा पुतळा करतात, तेव्हा त्यांचा अर्धा वेळ दात आणि डोळे यांवर जातो, एखादी वायपरची जुनी मोटर मानेत बसवतात, आणि पाठ मात्र कोरी सोडतात, कारण पाठीकडून कोणी पाहत नाही. ते बरोबर करतात.

राखणदाराचा चेहरा कोणी पाहिलेला नाही, असे शामेळ म्हणाले. मग तो काढायचाच कशाला? माझ्या मनात पहिले दृश्य असे येते आहे. पडदा जवळजवळ काळा, तांबड्या चिऱ्यांची एक पाणंद, कडेला शेणाने सारवलेल्या अंगणात विझत आलेली पणती. या चित्राला हालचाल म्हणावी अशी नाहीच, फक्त ज्योत. एक माणूस दोन आठवड्यांत करील. आणि सभागृहाच्या मागच्या उजव्या कोपऱ्यातून वहाणांचा आवाज सुरू होतो. कर्र, कर्र. तो प्रेक्षकांच्या रांगांमधून हळूहळू पुढे जातो, पडद्यापाशी पोहोचतो, आणि पणतीची ज्योत एकदाच वाकते.

हा आवाज मोबाइलच्या एका भोकातून मागून पुढे जाऊ शकत नाही. म्हादई, तुमच्या भावाला एवढे वाचून दाखवा.

म्हादई (डिचोली)

वाचून दाखवले. तो म्हणाला, "कर्र कर्र नाही, नव्या वहाणा करकरतात, झिजलेल्या फक्त फरफटतात." कोणत्या प्रसंगात कोणता आवाज हवा, ते आधी ठरवा म्हणतो.